नगरच्या अंगणातली पाणबुडी

आमच्या नगर जिल्ह्याला (सरकारदप्तरी आता तो अहिल्यानगर झाला आहे) देवाने पुष्कळ काही दिले. कळसूबाईचे शिखर दिले, प्रवरा दिली, नेवाशाचा खांब दिला. समुद्र तेवढा दिला नाही. समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडून जावे लागते, आणि पाथर्डी-जामखेडकडच्या कित्येक गावांत उन्हाळ्यात प्यायचे पाणीसुद्धा टँकरने येते. अशा या जिल्ह्यात, गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, आमच्या राहत्या घरी एक पाणबुडी बांधायला निघाली. बरे, साधीसुधी नव्हे! साडेतीनशे मीटर लांब, चार अणुभट्ट्यांवर चालणारी, पोटात शंभर क्षेपणास्त्रे बाळगणारी. तिचे नाव 'शेषनाग'.

बांधणारा होता आमचा भाचा. अकरावीला शास्त्र शाखेत आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडे असतो. कॉलेजात विज्ञानकथांची स्पर्धा होती, आणि तिच्यासाठी त्याने ही पाणबुडी आधी कागदावर काढली होती. कथा नंतर! माझ्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या पाठी संपल्या, दिनदर्शिकेची गेलेली पाने संपली. शेषनागाचे शेपूट काही केल्या संपेना.

एवढ्यात मेहुण्यांचा फोन आला. "चाचणीत भौतिकशास्त्राला पन्नासपैकी अकरा मार्क आहेत म्हणे. तुम्ही मास्तर माणसं. ते पाणबुडीचं खूळ तेवढं काढून टाका. नाही जमलं तर दिवाळीनंतर त्याला गावाकडे घेऊन येतो. शेतीला माणूस हवंच आहे."

मेहुणे एरवी असे तोडून बोलणारे नव्हेत. मला जरा नवल वाटले. पण मुलाच्या मार्कांपुढे बापाचा स्वर चढतोच, असे म्हणून मी ते मनावेगळे केले आणि खूळ काढण्याच्या कामाला लागलो.

मी मराठीचा मास्तर. कथा मागून घेतली आणि लाल पेन काढले. पहिल्या पानावर ऱ्हस्वदीर्घाच्या सतरा चुका निघाल्या. शेवटी, प्रौढपणाने, मी म्हणालो, "अरे, यात यंत्रच फार आहे. माणूस कुठे आहे? याला काही साहित्य म्हणत नाहीत."

पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, नारळीकरांच्या गोष्टीला कुणी असं म्हणालं असतं तर?"

मी निरुत्तर झालो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे हेच नारळीकर मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे मी स्वतःच वर्गात सांगतो! घरात मात्र विसरलो होतो.

प्रायश्चित्त म्हणून मी कपाटातून ज्यूल व्हर्न काढला. भा. रा. भागवतांच्या मराठीतून आमच्या पिढीला तो भेटला. त्याची १८७० च्या सुमारास पुरी झालेली समुद्रतळाची कादंबरी आणि तिच्यातली 'नॉटिलस' पाणबुडी कुणाला ठाऊक नाही? पण तिचा कप्तान नेमो हा कोण, हे पुष्कळांना आठवत नाही. पुढच्या एका कादंबरीत, १८७५ साली, व्हर्नने उलगडा केला आहे, की नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. १८५७ च्या उठावात लढलेला, सर्वस्व गमावलेला, आणि म्हणून समुद्राच्या पोटात गेलेला. साहित्यातल्या सर्वांत नामांकित पाणबुडीचा धनी आपलाच माणूस आहे!

मी भाच्याला व्हर्नचे आकडे दाखवले. नॉटिलसची लांबी ७० मीटर, रुंदी ८ मीटर, वजन सुमारे दीड हजार टन. आणि ती बांधली कशी, तर तुकड्यातुकड्यांनी. कणा फ्रान्सात, पंख्याचा दांडा लंडनला, पंखा ग्लासगोला, इंजिन प्रशियात क्रुपकडे, उपकरणे न्यूयॉर्कला. प्रत्येक कारखान्याला वेगळे नाव कळवलेले, म्हणजे आपण काय घडवतो आहोत हे कुणालाच कळू नये. त्या काळी असली बोट जगात कुठे नव्हती. तरी वाचणाऱ्याला ती खरी वाटली, याचे कारण हे आकडे आणि ही गावे.

"म्हणजे खोटी पाणबुडीसुद्धा खरीच बांधावी लागते," भाचा म्हणाला.

त्याचे हे वाक्य मी मनात टिपून ठेवले. पण ती खरी बांधायची कशी, हे मराठीच्या मास्तरला कुठून ठाऊक असणार? तेव्हा मला आमच्या शेजारच्या काकांची आठवण झाली. काकांची उभी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिलाच प्रश्न केला, "या चार अणुभट्ट्या नेमकं करतात काय?"

"पाणबुडी चालवतात."

"नाही. पाणी तापवतात. चल, तुला दाखवतो."

गळीत हंगाम सुरू होताच काका आम्हा दोघांना प्रवराकाठच्या एका कारखान्यात घेऊन गेले. मळीचा तो ओळखीचा वास, उसाच्या गाड्यांची रांग, आणि आत बॉयलरचा घुमारा. उसाचे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते जळते; पाण्याची वाफ होते; वाफ टर्बाइनची पाती फिरवते. "अणुपाणबुडीतही असंच," काका त्या आवाजात ओरडून सांगत होते. "चिपाडाच्या जागी युरेनियम. फरक एवढाच, की इंधनाला भिडणारं पाणी वेगळं. ते दाबाखाली ठेवतात, उकळू देत नाहीत. त्याच्या उष्णतेनं दुसऱ्या पाण्याची वाफ करतात, आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. चिपाड जळायला हवा लागते. युरेनियमला लागत नाही. म्हणून ती बोट महिनेन्‌महिने पाण्याखाली राहते. आम्हाला मात्र रोज गाड्या भरून चिपाड लागतं!"

व्हर्नच्या बोटीचे नाव घेऊन अमेरिकेने १९५४ साली पहिली अणुपाणबुडी पाण्यात सोडली, ती 'नॉटिलस'. पहिल्या इंधनावर ती साठ हजार मैलांहून अधिक चालली, आणि १९५८ साली बर्फाखालून उत्तर ध्रुव ओलांडून गेली.

काकांनी मग एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी चाटच पडलो. आमच्या जिल्ह्याची हद्द संपून भीमा ओलांडली, की इंदापूर तालुक्यात वालचंदनगर लागते. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतीने १९३० नंतरच्या दशकात तिथल्या माळरानावर ऊस लावला आणि साखर कारखाना उभारला. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली. आणि ती बनवता बनवता अणुशक्तीची अवजड सामग्रीही बनू लागली. आपली पहिली अणुपाणबुडी 'अरिहंत', तिच्या वाफेच्या टर्बाइनची यंत्रणा या वालचंदनगरहून गेली आहे. सांगाडा हजिऱ्याला घडला. अणुभट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रचली. तिचा नमुना आधी कल्पाक्कमला जमिनीवर चालवून पाहिला. सारे तुकडे एकत्र आले ते विशाखापट्टणला. आणि इतकी वर्षे या प्रकल्पाचे नाव काय? तर नुसते 'एटीव्ही', म्हणजे प्रगत तंत्राचे जहाज! नेमोची युक्तीच ही. फरक इतकाच, की नेमोला तुकडे परदेशांतून जमवावे लागले. इथले बरेचसे आपल्याच गावांतून आले.

विशाखापट्टणलाच वालचंदांच्या सिंदिया कंपनीने १९४१ साली जहाजबांधणीच्या गोदीचा पाया घातला होता. तिथे बांधलेली 'जलउषा' १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. त्याआधी १९४२ ते १९४५ नेहरू आमच्या नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. इतिहासाचे धागे कुठून कुठे जातात पाहा!

घरी परतल्यावर काकांनी 'शेषनागा'च्या पोटाला हात घातला. "हा एवढा घेर कशासाठी?"

"मोठी पाणबुडी म्हणजे भारी पाणबुडी," भाचा म्हणाला.

काकांनी आमच्या सौभाग्यवतीकडे गोडेतेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागितला. वास्तविक तो चिवड्यासाठी घासून-पुसून उन्हात ठेवला होता. अंगणात चूल मांडली, डब्यात पेलाभर पाणी घालून उकळले, वाफेने डब्यातली हवा हाकलून दिली, आणि डबा खाली उतरवून झाकण घट्ट बसवले. मग वरून तांब्याभर गार पाणी ओतले. पुढे जे झाले ते पाहून माझी आई ओसरीवरून "अगं बाई!" म्हणून ओरडली. कुणी अदृश्य हाताने मूठ आवळावी तसा तो डबा कडकड वाजत आत चेपला आणि त्याचा पार चुराडा झाला.

"ही नुसती हवा," काका म्हणाले. "डब्याच्या एका मोठ्या बाजूवर जवळजवळ आठशे किलोंचा भार. आता समुद्रात दर दहा मीटरला एवढाच दाब वाढत जातो. तीनशे मीटरवर याच्या तीसपट. एक मीटर लांब-रुंद पोलादावर तीनशे टन. उसाने भरलेले वीस टनी पंधरा ट्रक एकावर एक रचून ठेव. आणि ते काही एका जागी नाही, अंगभर. बॉयलरमध्ये दाब आतून बाहेर, तो पत्र्याला गोल ठेवतो. इथे बाहेरून आत, जरा पोचा आला की संपलं. म्हणून आतून पोलादी कडी घालतात. आणि घेर दुप्पट केलास तर पोलादही दुप्पट जाड हवं. ते वाकवायचं कुणी आणि सांधायचं कुणी?"

आता भाच्यातला हट्टी मुलगा मागे सरला आणि विद्यार्थी पुढे आला. त्याने मोबाइलवर शोधाशोध केली. जगातली सर्वांत मोठी पाणबुडी रशियाची. नाटोच्या भाषेत 'टायफून'. पहिली १९८१ साली नौदलात आली, एकूण सहा बांधल्या गेल्या. लांबी १७५ मीटर, रुंदी २३ मीटर, पाण्याखालचे वजन सुमारे ४८,००० टन. आत माणसांसाठी बाष्पस्नानाची खोली आणि छोटासा पोहण्याचा हौदसुद्धा! एवढा घेर पेलावा म्हणून रशियनांनी दोन लांबट दंडगोल शेजारीशेजारी ठेवून वर एकच कवच चढवले होते. आमच्या चिरंजीवांनी हिचीच लांबी दुप्पट केली होती. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या की वजन आठपट होते, हे काही त्याच्या ध्यानात आले नव्हते.

आर्किमिडीज सांगून गेला, की बुडलेली वस्तू आपल्या आकाराएवढे पाणी बाजूला सारते. भाच्याने हिशेब मांडला तो आमच्या जिल्ह्याच्या मापाने. ४८,००० टन पाणी म्हणजे दहा हजार लिटरचे ४,८०० टँकर. एकामागे एक उभे केले तर नगरपासून राहुरीपर्यंत रांग लागेल. आणि 'शेषनाग'? त्याचे ३८,४०० टँकर! रांग थेट मुंबई ओलांडून समुद्रात जाईल. "एवढ्या पाण्यात आमच्या तालुक्याचा उन्हाळा निघेल, मामा," तो हळूच म्हणाला. ते मी ऐकले, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

टायफून एवढी मोठी का झाली, याचे उत्तर तर फार मजेदार निघाले. तिची वीस क्षेपणास्त्रेच अगडबंब होती, प्रत्येक सुमारे १६ मीटर लांब आणि ८० टनांहून जड. त्याच काळात अमेरिकनांनी आपली क्षेपणास्त्रे लहान केली, आणि 'ओहायो' जातीच्या एका पाणबुडीत २४ बसवली; तिचे वजन मात्र १९ हजार टनांच्या आत. म्हणजे टायफूनचा मोठेपणा हे नुसते सामर्थ्य नव्हते. एक गोष्ट लहान करता न आल्याची ती किंमत होती! आता त्या सहांपैकी एकही सेवेत नाही. आपली 'अरिहंत' सुमारे ११० मीटरची आणि सहा हजार टनांची.

मराठीच्या मास्तरलाही मग एक मुद्दा सुचला. 'पाणबुडी' हे आपल्याकडे मुळात एका पक्ष्याचे नाव. तळ्यावर दिसतो तो, बदकाहून कितीतरी लहान. चाहूल लागली की डुबकन बुडतो आणि भलतीकडेच वर येतो. त्या चिमुकल्या जिवाचा सारा पराक्रम काय, तर न दिसणे. "यंत्राला नाव देणाऱ्याने पक्षी नेमका निवडला," मी म्हणालो. भाच्याने चार अणुभट्ट्यांची एक केली, शंभर क्षेपणास्त्रांची बारा केली, आणि 'शेषनाग' खोडून बोटीचे नाव ठेवले 'टिबुकली'. त्याच पक्ष्याचे हे दुसरे नाव.

बोट झाली. माणसे राहिली होती. ती आणली माझ्या आईने. ती वाती वळत बसली होती.

"पाणी कुठून आणतात रे ते?"

"समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात, आजी. श्वासाचा प्राणवायूसुद्धा पाण्यातूनच काढतात."

"मग वर कशाला यायचं?"

"जेवण संपतं म्हणून. दोन-अडीच महिन्यांचा शिधा मावतो. इंधन वर्षानुवर्षे पुरतं, धान्य पुरत नाही."

"बघ! म्हणजे शेवटी सगळं पोळीभाजीवरच. आणि घरची खुशाली कशी कळते त्यांना?"

यावर दोघांनाही शोधावे लागले. साधी रेडिओलहर समुद्राच्या पाण्यात शिरत नाही. फार लांब लहरीच काही मीटर खोल पोचतात. आपले असे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे आहे. पण पाणबुडीने फक्त ऐकायचे, बोलायचे नाही. बोलली की ठावठिकाणा कळला. ब्रिटिश नौदलात एके काळी घरच्यांना आठवड्याला फक्त चाळीस शब्द पाठवता येत. उत्तर नाही. आणि वाईट बातमी त्यात कळवायची नाही. ती माणूस परतल्यावर सांगायची.

आईने वात खाली ठेवली. "चाळीस शब्दांत काय सांगायचं आईनं?" ती म्हणाली.

राहिला कथेचा शेवट. मूळ कथेत सगळी क्षेपणास्त्रे सुटत होती, शत्रूची शहरे जळत होती आणि कप्तान हसत होता. पण असल्या पाणबुडीचा उपयोगच असा, की तिच्या धाकाने कुणी हात उगारू नये. आपल्या देशाने तर अण्वस्त्र आधी वापरणार नाही असे धोरण २००३ साली जाहीर केले आहे. क्षेपणास्त्र सुटले, म्हणजे पाणबुडी जिंकली नव्हे, हरली. 'अरिहंत'ची पहिली गस्त पुरी झाल्याची बातमी आली ती ५ नोव्हेंबर २०१८ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी. त्या गस्तीचे यश कोणते? तर काहीही घडले नाही, हेच.

"मग गोष्ट कशी लिहायची, मामा? जिच्यात काही घडायचंच नाही, ती?"

वीस वर्षे शिकवतो आहे, पण इतका चांगला प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नाही. मी म्हणालो, "घडतं रे. बाहेर नाही, आत. ते तू शोध."

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री त्याने नवी कथा माझ्यापुढे ठेवली. दिवाळीची रात्र. 'टिबुकली' समुद्रात खोल, निःशब्द. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला तरुण खलाशी टर्बाइनपाशी पाळीवर उभा आहे. कुठलाही हुकूम येत नाही. येतो तो घरून चाळीस शब्दांचा निरोप:

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व खुशाल. बाजरी चांगली आली. विहिरीला पाणी आहे. गाय व्याली, कालवड झाली. धाकटीने तुझ्या नावाची पणती दारात लावली. ती विझू दिली नाही. फराळाचा डबा तुझ्यासाठी वेगळा ठेवला आहे. उत्तराची घाई नाही. सावकाश ये, पण ये. आई."

मी शब्द मोजले, बरोबर चाळीस. लाल पेन हातात होते, ते बाजूला ठेवले. सहज म्हणून विचारले, "यंदा तुमच्या विहिरीला बरं पाणी आहे म्हणायचं?"

तो खाली मान घालून म्हणाला, "नाही मामा. पाऊस पाठ फिरवून गेला. विहीर आत्ताच तळाला गेलीय, बाजरीही गेली. पण वाईट बातमी कळवायची नसते ना."

मेहुण्यांच्या फोनचा अर्थ मला तेव्हा लागला. अकरा मार्क हे निमित्त होते. तोही एक निरोपच होता. त्यातली वाईट बातमी त्यांनी तेवढी गाळली होती.

त्याच रात्री मी मेहुण्यांना फोन केला. मार्कांविषयी फार बोललो नाही. मुलगा इथेच राहील, भौतिकशास्त्र काका शिकवतील, बाकीचे आपण घरातल्या घरात पाहू, एवढेच म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं. पण पाणबुडीचं खूळ गेलं ना?"

मी म्हणालो, "गेलं असं नाही. पण आता ते वेड्यासारखं नाही, हिशेबानं आहे."

कथेला स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात होते की 'कथेत विशेष काही घडत नाही.' पुढच्या चाचणीत भौतिकशास्त्राला पन्नासपैकी एकोणतीस आले. आणि तो चेपलेला डबा? तो काकांच्या हाती सोपवून झाल्यावर सौभाग्यवतीने चिवड्यासाठी दुसरा आणला. पहिला भाच्याच्या टेबलावर आहे. त्यात तो आता पेनं ठेवतो.